टपरीतला चहा वाईट आहे

आमच्या पोलवेनच्या किनाऱ्यावर जेवढे बाक आहेत, त्या प्रत्येकावर एक पितळी पाटी आहे आणि प्रत्येक पाटीवरच्या माणसाला समोरचं दृश्य आवडत असे. कॅप्टन रो यांना आवडत असे, त्यांच्या पत्नीला आवडत असे, समुद्राकडे पाठ करून जन्मभर भाजीचं दुकान चालवलेल्या हर्बर्ट टोंकिनलाही आवडत असे. पाट्या वाचत गेलं तर वाटतं, या गावात कोणी कधी काही काम केलंच नाही. सगळे ओळीने बसून समुद्राकडे बघत राहिले आणि बघता बघता वारले.

माझ्या बाबांना दृश्य आवडत नसे. 'कालच्यासारखंच आहे,' म्हणत. ते बाकावर तिरके बसत: पाय समुद्राकडे, तोंड लव्हडे ट्रेगिडगाच्या चहाच्या टपरीकडे. रोज अकराच्या सुमाराला तिच्याकडून एक कप घेत, सावकाश पीत, आणि शेजारी येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ओळखीचा असो वा सुट्टीला आलेला परका, शांतपणे सांगत, 'या टपरीतला चहा वाईट आहे.' तक्रार म्हणून नाही. हवा सांगावी तसं.

बाबा गाडी चालवण्याची परीक्षा घेणारे सरकारी परीक्षक होते. निम्म्या गावाला त्यांनी नापास केलं होतं. ज्या आवाजात ते 'तुम्ही आज पास झालेला नाहीत' म्हणत, त्याच आवाजात ते चहाविषयी बोलत. त्यात राग नसे आणि आनंदही नसे, म्हणून लोकांना तो जास्त लागत असे.

ते फेब्रुवारीत गेले. मी त्यांच्या नावाने बाक घ्यायचं ठरवलं. बाक तोच, ज्यावर ते बसत; तेव्हा त्या एकाच बाकावर पाटी नव्हती. पाटीवरचा मजकूर मला शोधावा लागला नाही. 'डेन्झिल प्राउस. रोज इथे बसत आणि सांगत की समोरच्या टपरीतला चहा वाईट आहे.' इतकं साधं काम. पंधरवड्यात होईल असं मला वाटलं होतं. मी वाचन पुष्कळ केलं आहे, पण नगरपालिकेविषयी कमी.

नगरपालिकेचे चिटणीस मिस्टर ग्रिबल यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

'मिस प्राउस, मजकूर जरा... वैयक्तिक आहे.'

आमच्याकडचा कारकून 'वैयक्तिक' म्हणतो तेव्हा 'भयंकर' असं समजावं.

'मिसेस ट्रेगिडगांना काही म्हणायचं असेल असं मला वाटतं,' ते पुढे म्हणाले.

'तुम्ही त्यांना विचारलंत?'

'त्यांनी मला विचारलं. टपरीच्या खिडकीतून. बऱ्यापैकी मोठ्याने.' त्यांनी चष्मा चढवला. 'पण मार्ग आहे. एकच शब्द बदलायचा. "चहा वाईट आहे" याऐवजी "चहा वाईट होता". तुमच्या वडिलांचं मत तसंच राहतं, बाईंचा चहा मोकळा होतो आणि नगरपालिका कशातच नाही. "आहे" म्हटलं की आजही आहे असं होतं. म्हणजे ते आम्हीच म्हणतोय असं होतं. आम्ही चहाविषयी काही म्हणू शकत नाही हो. आम्हाला अधिकार नाही.'

इथे थोडं विषयांतर करते. आमच्या इंग्रजी भाषेला एक खोड आहे. बोलणारा भूतकाळात गेला की ती त्याचं बोलणंही त्याच्यामागून ओढून नेते. 'काल विल म्हणाला की त्याला भूक लागली होती,' असं आम्ही सांगतो. विल अजून उपाशी, स्वयंपाकघरात कपाटं उघडत उभा असला तरी. यातून सूट मिळते ती फक्त कायम टिकणाऱ्या गोष्टींना. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा कधीच मातीत मिसळलेला असला तरी पृथ्वीला फिरू देतात. बाकी सगळं सांगणाऱ्याबरोबर जातं.

आणि फेब्रुवारीपासून मी बाबांची क्रियापदं बदलत होते. बँकेत, दवाखान्यात, ग्रंथालयात, टेलिफोनवरच्या गोड आवाजाच्या मुलींशी. 'इथे राहतात' नाही, 'राहत होते'. 'त्यांना मोठ्या अक्षरातली पुस्तकं लागतात' नाही, 'लागत'. एकेक करून सगळी दिली, कुरकुर न करता. पण बाबा गेले तरी टपरीतला चहा वाईटच होता. पाहा, लिहिताना माझ्याकडूनही निसटलं. वाईटच आहे. बाबांचं एक वाक्य अजून खरं होतं, चालतंबोलतं होतं, आणि ते मी मिस्टर ग्रिबल यांना देणार नव्हते.

'आहे,' मी म्हटलं.

'विचार करा,' ग्रिबल म्हणाले.

'केला. आहे.'

शेजारच्या घरात ऑब्रे स्पार्गो राहतात. त्यांनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते शिकवायचं थांबले नाहीत. फक्त वर्गाच्या जागी कुंपण आलं. मी कपडे वाळत घालत असताना त्यांनी कुंपणापलीकडून सगळं ऐकून घेतलं.

'तुझं बरोबर आहे, मॉर्वेना,' स्पार्गो सर म्हणाले. मला बरं वाटलं. 'आणि ग्रिबलचंही बरोबर आहे.' मग तितकंसं नाही. 'प्रश्न व्याकरणाचा नाही, वस्तुस्थितीचा आहे. वर्तमानकाळ मिळतो तो त्रिकालाबाधित सत्याला. मी वर्गात काय उदाहरण देत असे? "गुरुजींनी सांगितलं की तापवल्यावर पाणी उकळतं."'

'लव्हडेच्या टपरीत नाही उकळत, सर. तीच तर तक्रार आहे.'

'तेच म्हणतो मी. तिचा चहा त्रिकालाबाधित वाईट आहे हे तुला सिद्ध करावं लागेल. समज उद्या तिने किटली बदलली तर? पितळेवर कोरलेलं वाक्य खोटं पडेल. पृथ्वीची तशी भीती नसते.'

'ती किटली बदलणार नाही.'

'ते मलाही माहीत आहे. बावीस वर्षं पितोय मी तो चहा. मोजे धुतलेलं पाणी बरं.' त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. 'हे माझ्या नावावर सांगू नकोस. नाहीतर असं कर ना, लॅटिनमध्ये कोर. लॅटिनमध्ये कोणाचा अपमान होत नाही.'

स्पार्गोबाई आतून म्हणाल्या, 'समुद्राचं दृश्य आवडत असे, एवढं लिही की गं. सगळे लिहितात.'

मी लॅटिन नाकारलं, दृश्य नाकारलं, आणि नगरपालिकेला कळवलं की चहा वाईट असल्याचं मी सिद्ध करायला तयार आहे. ही माझी चूक. आमच्या नगरपालिकेला काहीही सिद्ध करून दाखवू नये, कारण ती त्यासाठी उपसमिती नेमते.

उपसमिती एप्रिलमधल्या एका सकाळी किनाऱ्यावर आली. अध्यक्ष मिसेस अँगोव्ह होत्या, त्यांना बाबांनी फुटपाथवर गाडी चढवल्याबद्दल नापास केलं होतं. त्यांच्यासोबत ग्रिबल होते. तटस्थ नागरिक म्हणून स्पार्गो सर होते, आणि कुटुंबाच्या वतीने मी. पाऊस पडत नव्हता, पण हवेत नुसताच टांगलेला होता. मी निर्धास्त होते. माझ्या बाजूला सत्य होतं. लव्हडेने काही लबाडी केली असती, चांगली पूड आणली असती, पाणी उकळलं असतं, तर धोका होता. पण ती स्वाभिमानी बाई. तिने रोजच्यासारखंच केलं. आधी कपात दूध ओतलं. मग त्या दुधात बुडवायच्या चहाची पुडी टाकली. मग टाकीतलं कोमट पाणी तिच्यावर सोडलं, आणि पुडीला वाईट सवय लागू नये अशा घाईने ती लगेच बाहेर काढली.

या ठिकाणी मला आमच्या लोकांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या सकाळी विसरले होते. आमच्याकडे वाईट गोष्टीला तोंडावर वाईट म्हणत नाहीत. न्हाव्याने कान कापला तरी आरशात बघून आम्ही 'छान झालं' म्हणतो आणि घरी येऊन रडतो. खाणावळीत कच्चा मासा आला तर आधी वाढणाऱ्याची माफी मागतो. हा आमचा धर्म आहे. दुसरा जो रविवारचा आहे त्याला इतकी माणसं येत नाहीत.

मिसेस अँगोव्ह यांनी घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि त्यांनी ते गिळलं.

'छान,' त्या म्हणाल्या.

'सुरेख,' ग्रिबल म्हणाले.

मी स्पार्गो सरांकडे पाहिलं. मोजे धुणारे स्पार्गो सर. त्यांनी कपात पाहिलं, खिडकीतून आपल्याकडेच रोखून बघणाऱ्या लव्हडेकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'तरतरी येते.'

'कशामुळे, सर?' मी विचारलं.

'एकंदरीत,' ते म्हणाले.

मग माझी पाळी आली. फेब्रुवारीपासून लव्हडे आणि मी समोरासमोर आलो नव्हतो. तिने खिडकीतून वाकून कप माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाली, 'डेन्झिलचं वाईट झालं गं पोरी. अकरा वाजले की अजून हात जातो माझा कपाकडे. साखर हवी?'

मी घोट घेतला. तोच चहा. लहानपणी बाबांच्या कपातून चोरून घेतलेला, आजारपणात मी त्यांना थर्मासमधून नेऊन दिलेला, आणि त्यांनी उशीवरून मान न उचलता 'वाईट आहे' म्हणून संपवलेला. लव्हडे माझ्याकडे बघत होती. सगळे बघत होते.

'छान आहे,' मी म्हटलं. 'आभारी आहे.'

ग्रिबल यांनी ते लिहून घेतलं. 'कुटुंबाच्या प्रतिनिधींसह सर्वांचं एकमत,' असं इतिवृत्तात आलं.

घरी येऊन मी बराच वेळ भांडी घासली. त्यातली काही स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी ग्रिबल स्वतः घरी आले. हा मनुष्य वाईट नाही. त्याला वाटतं, जगात असं भांडण नाही जे योग्य आकाराच्या स्क्रूने मिटणार नाही. 'मी एक तोडगा आणलाय,' ते म्हणाले. 'पाटी पूर्ण कोरायची, फक्त क्रियापदाची जागा मोकळी ठेवायची. क्रियापद वेगळ्या पट्टीवर. दर मार्चमध्ये चहाची पाहणी करायची, आणि निष्कर्षाप्रमाणे "आहे" किंवा "होता" लावायचं. दोन स्क्रू. आमचा माणूस बागेतल्या नळाला येतो तेव्हा करून जाईल.'

'म्हणजे माझे वडील दरवर्षी एकदा वर्तमानात येणार आणि नळवाला त्यांना परत पाठवणार?'

'तसं नाही हो,' ग्रिबल म्हणाले. मग थोडं थांबून, 'तसंच झालं म्हणा.'

'नको.'

'मग मात्र "होता" नियमाने जाहीर करावं लागेल,' ते दुःखाने म्हणाले. आणि केलं. बाकाशेजारच्या दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये घातलेली सूचना बांधली गेली. डेन्झिल प्राउस इथे बसत आणि सांगत की टपरीतला चहा वाईट होता. हरकती असल्यास सभेत मांडाव्यात.

सभेपर्यंतच्या दिवसांत मला पुष्कळ सल्ले मिळाले. आमच्या गावात माणूस गेल्यावर लोक पहिल्यांदा गरम जेवण आणून देतात आणि ते संपलं की सल्ले. लोणचं विकणारी बाई म्हणाली, बाकच दुसऱ्या गावात घे. ग्रंथालयातली म्हणाली, 'सोडून दे, मॉर्वेना, एका शब्दाने काय होतं?' ग्रंथालयात काम करणारीने हे म्हणावं. स्पार्गो सरांनी कुंपणापलीकडून चार दिवस तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, 'माझी मान खाली आहे. पण ती बाई रोखून बघत होती, मॉर्वेना.'

'माझ्याकडेही बघत होती, सर.'

'तुझ्या बापाकडेही बघायची. रोज.'

सरांनी नकळत मला शिकवायचं ते शिकवलं होतं. बाबांचं वाक्य खरं आहे एवढं पुरेसं नव्हतं. पृथ्वी कोणी म्हटलं नाही तरी फिरते. चहाचं तसं नाही. चहा वाईट आहे हे कोणीतरी उभं राहून म्हणावं लागतं, नाहीतर गावभर तो छान होऊन बसतो. आणि ते म्हणणारा एकच माणूस होता.

सभेला मी बाबांचा कोट घालून गेले. तो मला मोठा होतो. सभागृहात खोली गरम करणारा रेडिएटर ठणठणत होता, आणि लव्हडे ट्रेगिडगा पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मला वाटलं, विजय साजरा करायला आली.

'बाक,' मिसेस अँगोव्ह म्हणाल्या. 'कोणाची हरकत?'

मी उभी राहिले. 'माझी. पाहणीच्या दिवशी मी चहा छान आहे म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या वडिलांनी असं कधी केलं नसतं. मिसेस ट्रेगिडगा, तुमचा चहा वाईट आहे. होता नाही. आहे. पाणी उकळत नाही, दूध आधी पडतं आणि पुडीला तुम्ही तिथे राहू देत नाही. इथल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, आणि या खोलीतला प्रत्येकजण तुम्हाला छान म्हणाला आहे. माझं म्हणणं संपलं.'

रेडिएटरसुद्धा थांबला. मागे कोणीतरी खोकलं आणि त्या खोकल्याची माफी मागितली. ग्रिबल यांच्या हातातलं पेन कागदावर टेकलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. असलं वाक्य इतिवृत्तात कसं घालतात हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

'मिस प्राउस,' मिसेस अँगोव्ह म्हणाल्या, 'मला वाटतं तुम्ही दुःखात आहात, आणि आपण सगळे समजू...'

'तिला बसायला सांगू नका,' लव्हडे म्हणाली, आणि उठली. तिला उठायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी कोटाच्या खिशात दोन्ही मुठी घातल्या.

'माझीही हरकत आहे,' ती म्हणाली.

'तुमची हरकत मान्य झाली आहे, मिसेस ट्रेगिडगा. म्हणून तर "होता" केलं.'

'त्यालाच हरकत आहे. होता? कधी होता? म्हणजे आता नाही? म्हणजे मी बदलला?' तिने पर्स खुर्चीवर ठेवली. 'मला पाटीच नको होती, ते वेगळं. ते मी खिडकीतून सांगितलं. पण पाटी होणारच असेल तर खांबावर तुम्ही काय लावलंय ते वाचा. वाचणारा काय म्हणेल? डेन्झिल प्राउस सांगत होता, आणि लव्हडे ट्रेगिडगा ऐकून सुधारली. मी? त्या माणसाचं? त्याने मला गाडीच्या परीक्षेत इतक्यांदा नापास केलं की शेवटी मी पलीकडच्या गावी जाऊन पास झाले. आयुष्यात त्याची एक सूचना मी पाळलेली नाही. रोज यायचा, रोज सांगायचा, रोज कप रिकामा करून खिडकीवर आणून ठेवायचा. आणि मी त्याच्या नाकावर टिच्चून पाणी एका अंशानेही जास्त तापवलं नाही. ते आता तो नाही म्हणून तुम्ही पितळेवर खोडणार? माझा चहा होता तसाच आहे. "आहे" लिहा.'

'पण मग,' ग्रिबल सावकाश म्हणाले, 'चहा वाईट आहे, हे तुम्ही मान्य करता?'

'मी काहीही मान्य करत नाही,' लव्हडे म्हणाली. 'तो तसा आहे हे मान्य करते.'

ग्रिबल यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मिसेस अँगोव्ह यांनी छताकडे पाहिलं. मागच्या रांगेतून स्पार्गो सरांचा आवाज आला, वर्गातला, पूर्वीचा.

'त्रिकालाबाधित,' ते म्हणाले. 'आणि अध्यक्षबाई, नोंद करून घ्या, मला तो चहा कधीच आवडला नाही.'

'बावीस वर्षं ढोसलात की, ऑब्रे,' लव्हडे मागे न वळता म्हणाली.

मग एकेक करून चार-पाच जणांनी सांगितलं. कोणी पाण्याविषयी, कोणी दुधाविषयी. सगळ्यांनी आधी माफी मागितली, पण सांगितलं. लव्हडे प्रत्येकाकडे वळून बघत होती, नावं लक्षात ठेवत असल्यासारखी, आणि मला वाटतं तिला ती सभा आवडली.

पाटी मे महिन्यात बसली, 'आहे'सकट. सूचनेचा कागद खांबावर अजून आहे. तो काढायला वेगळी परवानगी लागते. पहिल्या दिवशी मी अकराच्या सुमाराला गेले, तिरकी बसले आणि दृश्याकडे एकदा बघून घेतलं. कालच्यासारखंच होतं. लव्हडेने न विचारता खिडकीत कप ठेवला होता. मी तो आणला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग उठून रिकामा कप खिडकीवर नेऊन ठेवला.

'काय?' लव्हडे म्हणाली.

'वाईट आहे.'

'उद्याही असेल,' ती म्हणाली, आणि कप विसळायला घेतला.